ओल्या पाल्याचा धूर

चेतक हेलिकॉप्टरच्या इंजिनाला झाकण नसतं. पाठीवर, पंख्याच्या मागे, ते उघडंच बसवलेलं असतं. नळ्या, तारा, नटबोल्ट सगळं जगाला दिसतं. माझे अब्बा आरमोरीत पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवायचे. एकदा आमचं हेलिकॉप्टर गडचिरोलीला मैदानात उभं होतं, तेव्हा परवानगी काढून मी त्यांना दाखवायला नेलं. अब्बा घरात हिंदी बोलायचे, बाजारात झाडीबोली. आणि एखाद्या गोष्टीचं फार नवल वाटलं की त्यांच्या तोंडून झाडीच निघायची. हेलिकॉप्टरभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "काऊन रे सलीम, याले वरून टोपन नाई का? मोजमाप दे, मी करून देतो."

मी म्हटलं, इंजिन तापतं, त्याला हवा लागते.

"मंग पावसात?"

पावसात ताडपत्री बांधतो.

अब्बांनी मान हलवली. "मंजे बैलबंडीच हाये."

मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, कौतुक याहून चांगलं करता येणार नाही. बैलबंडी जशी कुठंही जाते, चिखलात, नाल्यात, आणि मोडली तर गावातला सुतारही तिला उभी करतो, तसंच ते यंत्र होतं. माझ्या जन्माआधीपासून उडत होतं. आम्ही फौजेतले मेकॅनिक लोक त्याला नावं ठेवायचो. कुणी बुढिया म्हणायचं, कुणी खटारा. मी आपा म्हणायचो. आमच्यात थोरल्या बहिणीला आपा म्हणतात. वयानं मोठी, अंगानं बारीक, बोलायला कर्कश, पण घरातलं सगळं काम तिच्याच डोक्यावर.

या अंकाचे संपादक पंपाची जळालेली मोटर बांधून घ्यायला माझ्या दुकानात आले होते. नोकरी सुटल्यापासून मी हेच काम करतो. बोलता बोलता फौजेतला विषय निघाला. ते म्हणाले, भाऊ, हे जुने हेलिकॉप्टर आता रिटायर होऊन राह्यले, दिवाळीसाठी त्यांच्या गोड आठवणी लिहा. मी हो म्हणालो. गोड आठवणी आहेत, त्या आधी लिहितो. बाकीचं छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुढे काचेच्या फुग्यात दोन पायलट बसतात. मागे बाक. मी इंजिनवाला, बाहेर मुक्काम असला की मागे मीच बसायचो. उतरल्याबरोबर पहिली उडी माझी. धावत शेपटीकडे जाऊन उभं राहायचं, कारण शेपटीचा छोटा पंखा फिरताना दिसत नाही आणि लोक उत्साहानं नेमके त्याच बाजूनं येतात. वजन किती घ्यायचं हे उन्हावर असतं. गार सकाळी आपा भरल्या पोटानं उठायची. चैत्रातल्या दुपारी हवा पातळ होते, पंख्याला धरायला काही मिळत नाही, मग एकेका माणसाचा हिशेब.

आणि धूर. हेलिकॉप्टर उतरवताना तोंड वाऱ्याकडे हवं. विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवायला कापडी पिशवी असते. जंगलातल्या गावात कुठून येणार? म्हणून आम्ही बिनतारी यंत्रावरून आधीच निरोप द्यायचो की उतरायच्या जागेजवळ शेकोटी करा आणि वर ओला पाला टाका. वाळल्या पाल्यानं नुसता जाळ होतो. ओल्यानं पांढरा, दाट धूर निघतो, तो झुकला की वारा कळतो. मी जिल्ह्यातलाच असल्यामुळे गावोगावी हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. गोंडी मला मोडकीतोडकी यायची, बाकी हातवारे.

आमचे मोठे पायलट थॉमस साहेब केरळचे. बोलणं कमी, मिशा जास्त. निवडणुकीत दूरच्या केंद्रांवर माणसं आणि मतदानाची यंत्रं पोचवायचं काम असायचं. एकदा जिवतीकडचे एक गुरुजी बसले, आणि पट्टा स्वतःला बांधायचा सोडून मांडीवरच्या यंत्राला बांधून मोकळे झाले. मी म्हटलं, गुरुजी, तुम्हाला बांधा. ते म्हणाले, "मी पडलो तं माया पोरगा लागते माया जाग्यावर. हे पडलं तं चौकशी लागते." थॉमस साहेबांना मी हिंदीत सांगितलं तेव्हा हेलिकॉप्टर हललं इतके हसले.

एका गावात म्हाताऱ्या पाटलानं आपाची पूजा करायची ठरवली. हळदकुंकू लावलं, नारळ चाकावर आपटला. चाक रबराचं, नारळ उसळून त्याच्याच पायाजवळ. पुन्हा आपटला, पुन्हा तेच. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुया देव नाई म्हणून राह्यला." मी पान्यानं नारळ फोडून दिला. मुसलमानानं फोडलेला नारळ चालतो का, असं मागून कुणी तरी पुटपुटलं, तर पाटील म्हणाला, चाक त्याचं, पाना त्याचा, नारळ फुटला ना? थॉमस साहेबांनी खोबरं मागून घेतलं.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. लग्नात, दुकानात, नमाजानंतर बसलो की मी त्याच सांगत आलो. लोक हसतात, मीही हसतो. हसता हसता दरवेळी एक गोष्ट बाजूला ठेवतो. बायकोलाही ती मी अर्धीच सांगितली आहे.

मोहाचे दिवस होते. भामरागडच्या पलीकडून, नदीपलीकडच्या एका गावातून निरोप आला की बाळंतीण अडली आहे, मूल आडवं आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं सिस्टर पोचली होती, तिनंच चौकीवरून निरोप पाठवला होता. आम्ही उठलो. गाव दिसायच्या आधी धूर दिसला, पांढरा, दाट, सरळ एका बाजूला झुकलेला. थॉमस साहेब म्हणाले, शाबास. मळणीच्या खळ्यावर उतरलो.

बाईचं नाव रुपी. तिला बाजेवर आणलं होतं. आम्ही आपल्या स्ट्रेचरवर घेतली. नवरा लालसू, पोरगेलासा, अंगावर फक्त पंचा. आणि रुपीची माय, तिचं नाव मासे. मासे कुणाला न विचारता आत चढली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. आपलं घर असल्यासारखी.

ऊन चढलं होतं. थॉमस साहेबांनी काचेतून एक बोट दाखवलं. सिस्टर आणि घरचं एक माणूस, बस. पंखा फिरतोय, तेल जळतंय, निवडायचं मी. मी लालसूला निवडलं. दवाखान्यात सही लागेल, रक्त लागेल, धावपळ लागेल. ते चूक नव्हतं. आजही तसंच करीन.

पण मासे उतरेना. तिचा हात धरला तर तिनं पोरीच्या डोक्याभोवतीची पकड घट्ट केली. रुपी डोळे मिटून काहीतरी म्हणत होती, माझ्या कानात फक्त पंख्याचा आवाज. साहेबांनी मागे वळून पाहिलं. तेव्हा मी मासेला शेकोटीचा धूर दाखवला. मग हेलिकॉप्टर दाखवलं. मग तिच्याकडे बोट केलं. आणि हातानं सूर्य बुडवून पुन्हा वर आणला. उद्या. तू धूर कर, आम्ही येतो, तुला नेतो.

मासेनं धुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पोरीचं डोकं बरोबर आणलेल्या जुन्या लुगड्याच्या घडीवर ठेवलं आणि आपण होऊन उतरली. जाताना तिनं शेकोटीवर आणखी पाला टाकला.

असा शब्द द्यायचा मला अधिकार नव्हता. थॉमस साहेबांचा एक नियम होता: मशीन के नाम पर वादा मत करना. आधी एकदा मी एका सरपंचाला पुढच्या फेरीत रॉकेल आणतो असं बोलून बसलो होतो. ते आलं नाही, सरपंचानं साहेबांना घेरलं, आणि साहेबांनी मला सगळ्या पोरांसमोर झापलं होतं. ते झापणं मला फार लागलं होतं. पुढचं सगळं त्या एका झापण्याच्या भीतीनं घडलं. दुसरं मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही.

गडचिरोलीला रुपीचं पोट फाडून मूल काढलं. मुलगी. जिवंत. रुपी अशक्त होती, पण शुद्धीवर होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढच्या एका चौकीवर टपाल आणि औषधं टाकून परत येत होतो. मागचा बाक रिकामा. सकाळची वेळ, हवा अजून जड. डाव्या अंगाला तो धूर दिसला. थॉमस साहेबांनी कानातल्या यंत्रावर विचारलं, "शेख, वो धुआँ अपने लिए है क्या?"

इथं थोडं थांबून सांगायला हवं. मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा वाळला पाला जाळतात, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात आणि दिसतात. तो धूर निळसर, पातळ असतो, जमिनीलगत पसरतो. ओल्या पाल्याचा पांढरा खांब उभा राहतो. केरळच्या माणसाला फरक कळणार नाही. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतो.

हो म्हटलं असतं तर साहेब पुढे विचारणार, कुणी सांगितलं त्यांना धूर करायला? मी म्हणालो, "नहीं सर. महुआ है. पत्ता जला रहे हैं."

साहेबांनी मान हलवली. आपा सरळ पुढे निघाली.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. चहा घेऊन गेलो होतो, लालसूला भेटावं म्हणून. तो वऱ्हांड्यात उकिडवा बसला होता. एवढंच म्हणाला, "बुडी कवा येते? रुपी मायचं पुसून राह्यली." मी म्हटलं, येते. आत जाऊन रुपीला पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच फेरी, पुन्हा तोच धूर. या वेळी जास्त दाट. मी साहेबांच्या आधीच दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसलो. साहेब हसून म्हणाले, "बहुत महुआ है भाई इस गाँव में." मीही हसलो. आज खोटं सुधारायचं तर कालचंही सांगावं लागणार होतं. नक्षल्यांमुळे एका जागी लगोलग दुसऱ्यांदा उतरणं त्या काळात धोक्याचं मानत, हेही मी मनात घोळवलं. ते खरंच होतं. पण तो धोका पत्करायचा की नाही हे साहेबांनी ठरवायचं होतं, आणि मी त्यांना ठरवूच दिलं नाही.

त्यानंतर आपाची ठरलेली तपासणी आली, उड्डाण नव्हतं. मी दिवसभर तिच्या इंजिनावर वाकून काम केलं. काही सापडलं नाही. तिच्यात कधी काही सापडायचंच नाही.

तपासणी संपल्यावर दवाखान्यात गेलो तर खाटेवर दुसरीच बाई होती. रुपीच्या अंगात ताप भरला होता, उतरला नाही, ती गेली. लालसू फाटकाजवळ उभा होता, मुलीला पंच्यात गुंडाळून. गाडीची वाट बघत होता. रस्ता संपेपर्यंत गाडी, पुढे खांद्यावर. मला वाटलं तो माझ्या अंगावर धावून येईल. मी तयारीनंच गेलो होतो म्हणा. त्यानं मला बघितलं आणि विचारलं, "तुमचं हेलिकाप्टर बिगडलं होतं का?"

त्याला माझ्यावर संशय नव्हता. माणूस आजारी पडतो तसं यंत्रही पडलं असेल, असं त्याला वाटलं होतं. मी म्हणालो, "हो. बिघडलं होतं."

रुपीला तिच्या मायपासून मी तोडलं, आणि त्याचा आळ घेतला आपावर. त्या भागात होतो तेवढ्या दिवसांत ती एकदाही बिघडली नव्हती. उन्हात, धुळीत, माकडांनी पात्यांवर उड्या मारल्या तरी नाही. तिच्याबद्दल खोटं बोललेला मी पहिलाच माणूस असेन.

मग बदली झाली, आसामला गेलो, राजस्थानला गेलो. थॉमस साहेबांना मी कधी सांगितलं नाही. ते नोकरीतून निवृत्त होताना मला मिठी मारून म्हणाले, शेखच्या डोळ्यांवर मी जंगलात कुठंही उतरायचो. पुढे ते वारले असं कळलं. ते सांगणं राहूनच गेलं.

गेल्या मोहाच्या हंगामात आलापल्लीच्या एका ओळखीच्या माणसानं मोटर दुरुस्तीला बोलावलं. काम झालं, आणि मी परत यायचं सोडून पुढची गाडी धरली. आता नदीवर पूल आहे. गावापर्यंत डांबरी. खळ्याच्या जागी शाळेची भिंत उभी आहे. मासेचं घर विचारलं.

दारात एक तरुण मुलगी आली. आश्रमशाळेत शिकलेली, मराठी छान बोलणारी. नाव सोनी. लालसूचं विचारलं तर म्हणाली, बाबा वारले. मी म्हटलं, मी हेलिकॉप्टरवाला, तुझ्या आईला नेलं होतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. पंच्यात होती तीच.

मासे अंगणात चटईवर बसून सुपात मोहफुलं निवडत होती. फार वाळली होती. मराठी तिला येत नाही. सोनी तिच्याजवळ बसून बोलली, मग मला म्हणाली, आजीनं ओळखलं, बसा म्हणते. तिनं पाणी आणून दिलं. मी प्यालो.

मी काहीबाही विचारलं, मोह कसा आहे, पाऊस कसा होता. मासेच बोलायला लागली. हळू, सुपातून डोळे न काढता. सोनी सांगत गेली.

"बाबा सांगत होते का तुमची मशीन बिघडली होती. पन आजीले ते पटत नाई. ती म्हनते, आवाज तं येत होता वरून. दोन खेप आला. ती उभी होती खाली." सोनी थांबली, आजीचं पुढचं ऐकलं. "ती म्हनते धूरच कमी पडला. त्या दिवसांत ओला पाला कुठी भेटत नाई. नाल्यावरून जांभळीचा आनत होती डोक्यावर, पन येता येता उन्हानं सुकून जाये. दोन बायका अजून घेतल्या असत्या तं जास्त पाला आला असता. हे ती दरसाल सांगते. मोह सुरू झाला का सांगते."

मी रिकामा पेला खाली ठेवला. त्या घरात मी रागाची तयारी करून गेलो होतो. माझ्या वाटणीचं सगळं त्या बाईनं आपल्या डोक्यावर घेऊन ठेवलं असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. दरसाल. जांभळीचा पाला.

मी सोनीला म्हटलं, "आजीले सांग, मशीन बिघडली नव्हती. आणि धूर दिसला होता. मले दिसला होता, दोन्ही दिवस. साहेबानं मले विचारलं, हा आपल्यासाठी आहे का. मी सांगितलं, मोहाचा पाला जळते. मले माहीत होतं तो कशाचा आहे."

 सोनीच्या हातात मोहाची चार फुलं होती, ती तिनं सुपात टाकली. मग म्हणाली, "हे मी सांगू?"

"सांग."

"तुमी येऊ शकत होते?"

"हो."

तिनं सांगितलं. मला वाटलं होतं खूप वेळ लागेल. दोनतीन वाक्यांत झालं. मासेचे हात थांबले. तिनं माझ्याकडे नाही, नातीकडे पाहून काहीतरी विचारलं.

"आजी पुसते, धूर चांगला दिसत होता का?"

"चांगला दिसत होता. दाट, पांढरा. वारा कुठून आहे तेही समजत होतं."

सोनीनं ते सांगितलं.  मासे एक छोटं वाक्य बोलली. सोनीनं ते मराठीत केलं नाही. मला विचारावं लागलं.

"म्हनते, मंग माया धूर बरोबर होता."

मी काही बोलणार होतो, माफीचं काहीतरी. शब्द जुळवून आणले होते गाडीत. मासेनं सूप उचललं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन माझ्याकडे पाठ करून बसली. पुन्हा फुलं निवडायला लागली. सोनी थोडा वेळ माझ्याजवळ उभी राहिली, मग तीही तिकडे गेली आणि आजीच्या शेजारी बसली.

चटईवर मी एकटाच राहिलो. थोड्या वेळानं उठलो. थांबा असं कुणी म्हणालं नाही. फाटकाबाहेर आलो तेव्हा एका झाडाखाली कुणीतरी पाला पेटवला होता. निळा, पातळ धूर जमिनीलगत पसरत होता.